डबीत उरलेला रंग

सुजाता, तुझा फोटो गोरा आला.

बाकीचं मागून सांगते. हेच आधी सांगते, कारण तुला हेच आधी ऐकायचं असतं. तू असतीस तर पोट धरून खाली बसली असतीस. "वैनी, मेल्यावर तं मी पास झाली!" असं म्हणाली असतीस. मला तर ते ऐकूच आलं. अंगणात मांडव, मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन बांबूंना बांधलेला तुझा एवढा मोठा फ्लेक्स. वर 'भावपूर्ण आदरांजली', खाली घरातल्या सगळ्यांची नावं, मध्ये तू. डोळे तुझे, नाकातली चमकी तुझी, कपाळावर येणारी ती बट तुझी. चेहरा मात्र दुधात बुडवून काढल्यासारखा. कान गोरे, मान गोरी, ओठ गुलाबी. पाण्याची कळशी हातात घेऊन मी तिथेच थांबले. घडीभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्यांच्या मयतीला आलो.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तू म्हणायचीस, "बोलता येत नाही तं लिही वैनी, चौथी शिकली नं तू? चौथीत सगये अक्षरं येऊन जातेत." म्हणून लिहिते. तू कशी गेलीस ते इथे लिहिणार नाही. येणारा-जाणारा तेवढंच विचारतो, आणि ते सांगून सांगून मला तुझा आजारच आठवायला लागला आहे. मला तू आठवायची आहेस.

मी या घरात सून होऊन आले तेव्हा तू शाळेत जाणारी पोर होतीस. नव्या नवरीने नवऱ्याचं नाव घ्यावं म्हणून बाया मागे लागल्या होत्या आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. माणसं चार झाली की माझा आवाज घशात बसतो, तेव्हाही बसायचा. मी रडायच्या बेताला आले तेव्हा तू पाटावर चढलीस आणि म्हणालीस, "मी घेते वैनीच्या बदली!" आणि खरंच, आपल्या दादाचं नाव असं काही यमक जुळवून घेतलंस की सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून माझं बोलणं तुझ्याकडेच होतं. दुकानदाराशी तू बोलायचीस, दवाखान्यात तू बोलायचीस, माझ्या पोरीच्या शाळेत मास्तरांशी तू बोलायचीस. तू बोलायचीस, मी मागे उभी राहायचे.

आता भेटायला येणाऱ्या बायांसमोर माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही. त्या काय म्हणतात माहीत आहे? "कायी होती, पन गुनी होती पोट्टी." डोळ्यांना पदर लावून म्हणतात. त्यांचं रडणं खोटं नाही. पण तुझ्या मरणातसुद्धा आधी रंग येतो, मग तू येतेस. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते. आतापर्यंत आत जात होते.

तुला पाहायला पाहुणे यायचे, त्या दिवसांचं मी कधी बोलले नाही तुझ्याशी. मला एका नजरेत पसंत केलं होतं या घराने. आई मला पाहायला आल्या तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि कोपर पाहिलं. मग माझा पदर जरा सरकवून मान पाहिली. "तोंडाले पावडर लावून फसोता येते, मान नाही फसवत," असं शेजारच्या बाईला म्हणाल्या. माझी मान पास झाली. पुढे त्याच आईंना आपल्या लेकीची मान पाहुण्यांपासून झाकून ठेवावी लागली. पाहुणे यायच्या आधी त्या तुला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या आणि मानेवर, कानामागे, कोपरांवर पावडर लावायच्या. ज्या ज्या जागा त्यांनी दुसऱ्याच्या लेकीत पाहिल्या होत्या, त्या त्या. पाहुणे पोहे खायचे, कळवतो म्हणायचे आणि जायचे. तू घामाने ओली पावडर पदराने पुसत यायचीस आणि मला म्हणायचीस, "वैनी, पिठाच्या डब्यात पडलेलं झुरळ दिसून राह्यली का नाही मी?" मी हसायचे. आईंना ऐकू जाऊ नये म्हणून चुलीत फुंकर मारायचे.

मग तू यवतमाळला चित्रकला शिकायला गेलीस आणि तिथून काहीतरी वेगळंच घेऊन आलीस. कागदावर काढत नव्हतीस तू. स्वतःलाच चित्र करून लोकांपुढे नेऊन ठेवत होतीस. परफॉर्मन्स म्हणायचीस. तुझा दादा म्हणायचा, "नाटकं." मोबाईल माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "हात हालू देऊ नको वैनी. हात हालला तं लोकाईले वाटते कोणीतरी चोरून पाहून राह्यलं." मी श्वास रोखून धरायचे.

बाभुळगावच्या बाजाराचा तो दिवस आठव. रंगाच्या दुकानातून भिंतींना लावायच्या रंगांचं ते कार्ड आणलं होतंस, चौकोनी चौकोनी तुकड्यांचं. बाजारात भाजीच्या ओळीत प्लास्टिकची खुर्ची टाकलीस, वर बसलीस, कार्ड पुढे धरलंस आणि मोठ्याने म्हणालीस, "माहा रंग यातला कोणता, तो दाखवा!" मी मिरच्यांच्या ढिगामागे मोबाईल धरून उभी. आधी कोणी जवळ येईना. मग कांदे विकणारी ती म्हातारी उठून आली, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, तुझ्या गालाला लावलं आणि म्हणाली, "हा पाह्य. आमच्या दरवाज्याले मारला तो." मग गर्दीच झाली. एकजण जांभूळ म्हणाला, एकजण तव्याचं बूड म्हणाला. एक बाई म्हणाली, "माह्या सासऱ्याच्या सायकलच्या सीटचा." आणि तो पांढऱ्या शर्टातला माणूस, डोळा मारून म्हणाला, "मॅडम, दोन कोट मारले तं निंगन गोरा."

तू लगेच म्हणालीस, "तुमच्या भिंतीले किती मारले, भाऊ? तरी ओल येतेच नं?"

सगळा बाजार हसला. तोही हसला. त्याची बायको सगळ्यांत जास्त हसली. माझा हात हलला. अजूनही तो व्हिडिओ पाहिला की तिथे सगळं डगमगतं, मिरच्या, तू, खुर्ची. तू ते काढून टाकलं नाहीस. "राहू दे," म्हणालीस. "इथं वैनी हासली हाय."

पुढे तुझे ते व्हिडिओ मोठ्या शहरात कुठे अंधाऱ्या खोलीत भिंतीवर लावले. तू जाऊन आलीस. मी विचारलं, कसं झालं? तू बॅग ठेवलीस, पाय पसरलेस आणि म्हणालीस, "तिथं कोनीच हासलं नाही वैनी. सगये हात मांगं बांधून उभे, जसं काही मयतीले आले. मले तं आपला बाजारच बरा."

आणि ते शूटिंग. ते मी आज लिहिणारच, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कळंबच्या पलीकडच्या गावात कुठल्यातरी टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग होतं. गर्दीत उभं राहायला बाया पाहिजे होत्या. तू म्हणालीस चल, मी तुझ्या मागे आले. गोष्ट वावरात राबणाऱ्या गरीब बाईची होती. ती बाई झालेली नटी खुर्चीवर बसली होती, इतकी गोरी की उन्हात तिच्याकडे पाहवत नव्हतं. मेकअपवाला तिच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर तपकिरी रंग थापत होता. तू माझ्या कानाशी आलीस. "पाह्य वैनी, तिले तुह्या नणंदेसारखी करून राह्यले."

मग कॅमेऱ्याजवळचा एक पोरगेला माणूस आला आणि तुला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागच्या ओळीत उभ्या राहा. तुम्ही लाईट खाता, चित्र काळं पडतं."

"सकायपासून तुम्ही चहा नाही देल्ला, दादा," तू म्हणालीस, "मंग लाईटच खाईन नं."

त्याला हसू आलं, तरी त्याने तुला मागेच उभं केलं. मला पुढे घेतलं. मी मागे सरकत होते, तो पुन्हा पुढे आणत होता. दुपारी सुट्टी झाली तेव्हा तू सरळ मेकअपवाल्याकडे गेलीस आणि विचारलंस, हा रंग कोणता? तो बिचारा साधा माणूस. त्याने बोटभर रंग घेतला आणि तुझ्या हाताच्या पाठीवर ओढला. रंग दिसेचना. तो म्हणाला, "अरे वा! बरोब्बर हाच आहे तुमचा. काही मिसळायलाच नको." त्याला वाटलं आपण कौतुक केलं. अर्धी वापरलेली डबी त्याने तुला देऊन टाकली.

एसटीत तू हसत होतीस. खिडकीला डोकं टेकून हसत होतीस, डबी उघडत होतीस, बंद करत होतीस. मग एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "माहा रंग त्याईले चालते वैनी. मीच नाही चालत."

दुसऱ्या दिवशी आपल्या दारात बसून तू तो व्हिडिओ केलास. मागे चुन्याची भिंत, बाजूला दुसऱ्या मोबाईलच्या स्पीकरवर एकामागून एक सिनेमातली गोरीची गाणी, आणि तू डबीतला तो रंग चेहऱ्याला लावते आहेस. लावते आहेस आणि काहीच होत नाही. कपाळाला लावलास, गालांना लावलास, हनुवटीला लावलास. तू तशीच्या तशी. आधी मला हसू येत होतं. मग गाणी येत राहिली, तुझा हात फिरत राहिला, आणि माझं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. शेवटी तू डबीचं झाकण लावलंस आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालीस, "झाली तयार." एवढंच. त्या दिवशी माझा हात अजिबात हलला नव्हता.

तो झाल्यावर तू मोबाईल हातात घेतलास आणि म्हणालीस, "आता तू बस इथं. तुह्या तोंडाले लावू. तुह्यावर दिसन."

मी म्हणाले, "मी मागंच बरी."

"नेहमी मांगंच, नेहमी मांगंच! एकदा तरी समोर ये नं वो. तोंड इकडं कर."

मी पाठ फिरवून आत गेले. त्यानंतरही तू पुष्कळदा म्हणालीस. जेवताना, कपडे वाळत घालताना, मोबाईल वर करून म्हणायचीस, "वैनी, तोंड इकडं कर." मी पदर ओढायचे.

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू आईंना एकदा म्हणालीस, "आई, मले पहिल्यासारखी पावडर लावून दे." त्यांना केवढा आनंद झाला. त्यांना वाटलं, पोरीच्या मनात लग्नाचं आलं. त्यांनी हात धुतले, तुला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तुझ्या मानेवर, कानामागे, कोपरांवर हळूहळू पावडर लावली. मी मोबाईल धरला होता. त्यांना वाटलं, फोटो. तो व्हिडिओ तू लोकांना दाखवलास. पुढे कोणाच्या तरी लग्नात कोणीतरी आईंना तो मोबाईलवर दाखवला, आणि त्यांनी आपलेच हात पाहिले. घरी आल्या, पावडरचा डबा मोरीच्या वरच्या फळीवर टाकला आणि पुन्हा खाली काढला नाही.

मी तुला म्हणाले होते, आईंना सांगायला पाहिजे होतंस.

"सांगतलं असतं तं तिनं हात आवरला असता. मले तिचा खरा हात पाहिजे होता, वैनी."

"त्यांच्या हौसेवर लोक हसले."

"मी आईवर हासली नाही. पाह्य तू नीट. त्यात आई किती हलक्या हातानं लावून राह्यली. त्या हाताइतकं मले कोणीच कधी..."

मी तो व्हिडिओ तुझ्या माघारी पुन्हा पाहिला. तू म्हणत होतीस ते खरं आहे. हात फार हलका आहे. आणि मी म्हणत होते तेही खरं आहे. सांगायला पाहिजे होतंस. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही. तुला ते आवडायचंही नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

फ्लेक्स पाहिल्यावर मी तुझ्या दादाला गाठलं. तो मांडवात सतरंजी ओढत होता. मी म्हणाले, अहो, ही सुजाता नाही. त्याने वर पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "जाऊ दे कांता. छान तं दिसून राह्यली." बस. सतरंजीचं टोक ओढून तो पुढे गेला.

तेवढ्यात रफिकभाऊ आले. बाभुळगावचे आपले फोटो स्टुडिओवाले, ज्यांच्याशी तुझं नेहमी वाजायचं. लायसनच्या फोटोत त्यांनी तुला गोरी केली तेव्हा तू त्यांच्या दुकानात जाऊन म्हणाली होतीस, "रफिकभाऊ, ही बाई कोन? हिच्या नावावर माही गाडी हाय." त्यांनी तुझा भिंतीवर लावायचा फ्रेममधला फोटोही आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी कागद काढला. तोही गोरा. फ्लेक्स आज ना उद्या उतरतो. फ्रेम भिंतीवरून उतरत नाही. माझ्या पोरीची पोरं विचारतील, ही कोण? आणि कोणीतरी त्या गोऱ्या बाईकडे बोट दाखवून तुझं नाव सांगेल.

मी म्हणाले, "रफिकभाऊ, हे काय केलं?"

"माँजीने बोला था, भाभी." त्यांचेही डोळे लाल होते. "अन् मी तं सगळ्याइचंच करतो. काया फोटो देल्ला तं लोक म्हनते मशीन खराब हाय. बच्ची थी अपनी, भाभी. म्हनलं, जरा साफ करून देऊ."

"खरा फोटो आहे का तुमच्याकडे?"

"असली वाला है ना, कंप्युटर में है. पर माँजी..."

"तोच छापा," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

मी आईंकडे गेले. त्या आत पाटावर बसल्या होत्या, हातात मेणबत्त्यांचा पुडा, एकेक सरळ करून ठेवत होत्या. मी खाली बसले आणि म्हणाले, आई, तो फोटो तिला आवडला नसता.

त्यांनी वर पाहिलं नाही. "मीच सांगतलं रफिकले. हो, मीच. माही लेक जनमभर कायी-कायी आयकत राह्यली. शायेत आयकलं, पाहुन्याइच्या तोंडून आयकलं. एक दिवस तरी तिले कोनी कायी म्हनू नये. मेल्यावर तरी नाही."

"पण आई, ती ज्याच्यासाठी भांडत होती..."

"तुले काय समजते?" आता त्यांनी पाहिलं. "तू गोरी हायेस. तुहं कोपर पाहून आनलं मी तुले या घरात. तुले काय समजते माह्या पोरीचं?"

त्या बोलल्या ते खरं होतं. आजही खरं आहे, सुजाता. त्या आई आहेत आणि मी तुझ्या रंगात एक दिवसही जगले नाही. असं काही ऐकलं की दर वेळी मी मान खाली घालून बसायचे. या वेळी उठले.

तुझी पेटी उघडली. तुझे ब्रश, ते बाजारातलं कार्ड, आणि खाली ती डबी. रंग सुकून तडकला होता. तू म्हणाली होतीस, पाण्यात फुटत नाही, तेलात कालव. मी खोबरेल तेल घातलं आणि बोटाने कालवला. रंग जागा झाला. तुझ्या गालाला हात लावल्यासारखं वाटलं, ते जाऊ दे.

स्टूल घेतलं आणि बाहेर आले. सगळी माणसं मांडवात होती. भन्तेजी येऊन बसले होते, त्रिशरण-पंचशील सुरू व्हायचं होतं. मला त्या सगळ्यांमधून जायचं होतं. मी फ्लेक्सपाशी गेले, स्टूल ठेवलं, वर चढले आणि तुझ्या कपाळावर पहिलं बोट ओढलं.

मागून आवाज सुरू झाले.

"अवं, काय करून राह्यली ही?"

"दुःखानं डोक्सं फिरलं बिचारीचं."

"सून हाय नं ही? अरे, उतरवा कोनी तिले. फोटोले कायं फासून राह्यली!"

मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते. कपाळ झालं, गाल घेतला. प्लास्टिकवर रंग सरळ बसत नव्हता, पट्टे उठत होते, मी तळव्याने पसरवत होते, त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसत होते. स्टूल डगमगायला लागलं. खालून तुझा दादा आलेला दिसला. वाटलं, आता हात धरून ओढणार. त्याने वाकून स्टूल धरलं. दोन्ही हातांनी. तसाच धरून उभा राहिला. मग भन्तेजींचा आवाज आला, "तिचं होऊ द्या. आपण थांबू." आणि लोक थांबले.

तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? मला राग होता. पाहुण्यांचा, त्या लाईटवाल्याचा, 'पन गुनी होती' म्हणणाऱ्यांचा आणि माझ्या स्वतःच्या पास झालेल्या मानेचा. पण बोट मात्र हलकंच फिरत होतं. आईंकडूनच शिकलं असेल ते.

नाक, हनुवटी, ओठांच्या कडा. तू परत येत होतीस. पट्ट्यापट्ट्यांची, तेलकट, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. पण तू. आता कोणीही बाभुळगावच्या बाजारातला माणूस लांबून पाहून म्हणाला असता, ती कार्डवाली.

डबी रिकामी होत आली होती. मी चेहरा पूर्ण केला आणि हात खाली घेतला.

तो फ्लेक्स अजून तिथेच आहे. उन्हाने पट्टे सुकले आहेत, माशा बसतात, येणारे-जाणारे थांबून पाहतात. काही चिडतात. काल एकाने तुझ्या दादाला सांगितलं, उतरवून टाका, बरं नाही दिसत. मी दारात होते. मी म्हणाले, "आमचं माणूस आहे, आम्ही पाहू." तो गेला. माझा आवाज घशात बसला नाही, एवढं तुला कळवते. घरातल्या भिंतीवर रफिकभाऊंनी छापून दिलेली खरी तू आहेस, काळी, बटेसकट. मशीन खराब नाही.

आणि एक राहिलं. रफिकभाऊंनी त्या दिवशी सवयीने मोबाईल काढला होता. मला नंतर पाठवलं. हात फार हलला आहे त्यांचा. तू असतीस तर ओरडली असतीस आणि सगळं पुन्हा करायला लावलं असतंस. मी पुन्हा करणार नाही. आहे तसंच राहील.

त्यात आधी नुसती माझी पाठ दिसते, पांढरा पदर, खाली स्टूल धरलेले तुझ्या दादाचे हात. माझ्या खांद्यावरून तू दिसतेस. मी हात खाली घेते, झालं असं समजून. मग डाव्या बाजूने आई येतात. मांडवातली माणसं बाजूला होतात. त्या फ्लेक्सच्या अगदी जवळ जातात, चष्मा वर करतात आणि तुझ्याकडे खूप वेळ पाहतात. मला वाटलं होतं, आता पुसतील. त्यांच्या हातात पदर होताच.

मग त्यांचा आवाज येतो. "मान राह्यली, कांता. मानेले लाव. मान तोंडापरस कायी होती तिची. अन् कानामांगं."

आणि ते ऐकून मी वळते. मोबाईलमध्ये माझं तोंड येतं, सगळंच्या सगळं, रंगाने बरबटलेलं.